कमरेचं माप

१२ फेब्रुवारी

टाचणे,

प्रिय वगैरे काही लिहीत नाही. तसं लिहायला बसले तर पत्र तिथंच अडकेल. फोन तू उचलत नाहीस, दुसऱ्याच्या फोनवरून केला तर माझा आवाज ऐकला की ठेवून देतेस, म्हणून हे कागदाचं काढलं. पत्ता तोच असेल असं धरून चालते.

मला कॅन्सर झालाय. अंडाशयाचा. पोटात पाणी आहे, गोळा आहे, आणि आजूबाजूलाही पसरलंय म्हणतात. हे मी तू रडावंस म्हणून सांगत नाहीये. तू रडणार नाहीसच, मी काय तुला आज ओळखते? सांगतेय ते वेगळ्याच कारणासाठी. हॉस्पिटलात आमच्यासारख्या बायकांसाठी एक मदतकक्ष आहे. तिथल्या नर्सने मला समोर बसवलं आणि विचारलं, "ताई, घरात आधी कोणाला झालं होतं का? आई, मावशी, बहीण?" मी म्हटलं, छे, कोणाला नाही, आई तर पोटात पाणी होऊन गेली. तिने हातातलं पेन खाली ठेवलं. "पोटात पाणी कशाने झालं होतं?" म्हणाली. मी काय सांगणार? डॉक्टर म्हणाले होते लिव्हरचं, आधीचे म्हणाले होते गॅसचं, आपण जो जे म्हणेल ते ऐकत होतो.

आता माझं कसं कळलं ते ऐक, म्हणजे तुला हसायला मिळेल. गेलं अख्खं वर्ष माझं पोट वाढत होतं आणि मी स्कर्ट उसवत होते. आधी हुक सरकवला. मग आतलं जादा कापड सोडलं. ते संपलं तेव्हा बाजूला कळी, म्हणजे तिकोनी पट्टी, घातली, इतकी बेमालूम की वर्कशॉपमधल्या पोरींना दिसली नाही. दुकानातून कपडे आणणाऱ्या बाईला घट्ट झालं की कळतं, ती चिडते, आरशात बघते, डॉक्टरकडे जाते. मला कधी काही घट्ट झालंच नाही. वीस वर्षं लोकांच्या अंगावर कापड बसवतेय, माझं अंग मला काय सांगत होतं ते मी कात्रीने गप्प केलं. दोन घासांत पोट भरायचं, सारखं लघवीला लागायचं, संध्याकाळी हातपाय गळून जायचे. मी म्हणायचे, वय झालं.

शेवटी मास्तरांनी पकडलं. आमचे कटिंग मास्तर, ज्यांना तू एकदा "थंड मासा" म्हणाली होतीस. माझ्या मागून जाताना थांबले आणि म्हणाले, "ही दुसरी कळी का? बाई, तुमचे दंड वाळलेत आणि पोटाला कळ्या लागतायत. कापड नाही, माणूस बिघडलंय." मी त्यांना काय काय बोलले ते लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी गेले डॉक्टरकडे.

तर मुद्दा हा. तू जाऊन तपासून घे. आईचं सांग, माझं सांग. मी तुझ्याशी अजून बोलत नाहीये, हे फक्त कळवलं.

कात्री

(हे नाव तूच ठेवलंयस, म्हणून तेच लिहिलं.)


२१ मार्च

टाचणे,

उत्तर नाही. बरं.

ऑपरेशन झालं. दोन्ही अंडाशय, गर्भाशय, आतली चरबीची चादर, सगळं काढलं. एक पोरगेला डॉक्टर सांगत होता, "जेवढं दिसलं तेवढं काढलंय." म्हणजे न दिसलेलं आत आहे. हे तो बोलला नाही, पण मला उसवलेली शिवण कळते, तसं वाक्यातलं राहिलेलंही कळतं.

आणि गंमत सांगू? मला जो गाऊन घातला तो आमच्याच वर्कशॉपचा. ह्या हॉस्पिटलचे गाऊन आम्हीच शिवतो. मागच्या नाड्या इतक्या खाली लावल्यात की पाठ उघडी पडते, आणि बाईमाणूस व्हरांड्यातून चालताना एका हाताने सलाईनचा खांब धरते, दुसऱ्या हाताने मागचं कापड. मी मास्तरांना केव्हाच म्हटलं होतं, नाडी वर घ्या. ते म्हणाले, नमुना हॉस्पिटलकडून आलाय, आपण कोण बोलणार. आता माझीच पाठ उघडी पडली ना! शुद्धीवर आल्यावर मी पहिलं वाक्य काय बोलले असेन? "नाड्या वर घ्या." नर्सला वाटलं भूल उतरली नाही.

तुझे भावोजी खुर्चीत बसून होते. बसच्या फेऱ्या दुसऱ्याला देऊन आले होते. माणूस काही बोलत नाही हे तुला माहीत आहे. ते माझ्या पायांचे अंगठे धरून बसले होते, दोन्ही. मी म्हटलं, अहो, मी काय स्टिअरिंग आहे का? तेव्हा हसले, आणि मग बाहेर जाऊन बऱ्याच वेळाने आले. डोळे लाल होते.

मला फार भीती वाटते गं. हे इथं लिहिलं म्हणून लिहिलं, तोंडाने कोणाला सांगितलेलं नाही.

तू गेलीस का डॉक्टरकडे?

कात्री


९ मे

टाचणे,

केमो चालू आहे. हातात सुई, वर लटकलेली पिशवी, आणि अर्धा दिवस खुर्चीत. केस गेले. मला वाटलं होतं मी रडेन, पण मी उशीवरचे केस झाडले आणि म्हटलं, चला, तेलाचा खर्च वाचला. रडले ते भुवया गेल्यावर. भुवयांशिवाय माणूस कोणाचं कोण वाटतं. तुझ्या भावोजींनी त्या दिवशी मिशी काढली. लग्नापासूनची मिशी! शाळेची मुलं बसमध्ये चढेनात म्हणे, हा दुसराच ड्रायव्हर आलाय म्हणून.

मदतकक्षात दर आठवड्याला आम्ही बायका जमतो. गोल खुर्च्या मांडतात. मी आधी जायला तयार नव्हते, रडणाऱ्या बायकांत बसून आणखी रडायचं कशाला? पण तिथं एक शाळेतल्या बाई आहेत, गणित शिकवतात, त्यांचा कॅन्सर दुसऱ्यांदा उलटलाय. त्या रडत नाहीत, सगळ्यांना दटावतात. "डॉक्टरसमोर गेलं की डोकं रिकामं होतं, म्हणून प्रश्न घरून ठरवून जा. सोबत कोणालातरी ने, दोन कान जास्त असलेले बरे. समजलं नाही तर मान डोलावू नकोस." मी मान डोलावणाऱ्यांतली आहे, माझ्यावर खास लक्ष असतं. मी त्यांना बाई म्हणते आणि त्या मला "मागच्या बाकावरची" म्हणतात.

एक गोष्ट लपवली होती, ती बाईंमुळे बाहेर आली. माझी बोटं बधिर होतायत. केमोने होतं काहींना. टोकांना मुंग्या येतात, मग काही कळेनासं होतं. मी डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. मला वाटलं, सांगितलं तर औषध कमी करतील आणि मग रोग राहील. वर्कशॉपमध्ये हाताला काम हवं म्हणून दोन तास बसले, कॉलरी शिवत होते, आणि पांढऱ्या कॉलरीवर लाल डाग दिसला. कापड कोणी खराब केलं म्हणून पोरींवर ओरडले. माझंच बोट होतं. सुई नखातून आरपार गेली होती आणि मला पत्ता नव्हता.

बाईंनी मला हाताला धरून नर्सकडे नेलं. नर्स रागावली. "ताई, हे आम्हाला कळलं तर औषधाचा डोस बसवता येतो. लपवलंत तर बोटं परत येणार नाहीत कदाचित." आता कमी केलाय. बोटं आली नाहीत अजून. बटण हातात आहे की पडलं हे मला बघावं लागतं.

तुला हे वाचून बरं वाटत असेल का, असं मनात येतं कधीकधी. मग माझी मलाच लाज वाटते. तू इतकी वाईट नाहीस. हट्टी आहेस.

कात्री


२ जुलै

टाचणे,

हे पत्र उभं राहून वाचू नकोस, बस.

माझ्या रक्ताची एक तपासणी केली होती. रक्तातून असं कळतं की हा रोग अंगात उगाच आला की घरातून चालत आला. माझा घरातून आलाय. आईकडून. एक बिघाड असतो जन्मापासूनचा, तो असला की अंडाशयाचा आणि स्तनाचा कॅन्सर होण्याची भीती खूप वाढते. म्हणजे आईचं पाणी लिव्हरचं नव्हतं. आपण तिला पाचक चूर्ण देत होतो.

तुझ्यात तो असण्याची शक्यता निम्मी आहे. नाणं उडवल्यासारखी. तुझ्यात असेल तर तुझ्या लेकीतही निम्मी.

नर्सने मला जे नीट समजावलं ते तसंच सांगते, माझं पदरचं काही नाही. एक, तू आधी ही रक्ताची तपासणी कर. आधी समजावणारे डॉक्टर भेटतात, मग रक्त घेतात. दोन, बिघाड नसला तर सुटलीस. असला तर अंडाशय आणि नळ्या आधीच काढून टाकता येतात, रोग व्हायच्या आत, तुझ्या वयाला ते करतातच, आणि छातीची तपासणी ठरलेल्या वेळी करायची. तीन, दरवर्षी सोनोग्राफी केली म्हणजे झालं, असं समजू नकोस. हा रोग तिला चकवतो. आणि पोट फुगून राहिलं, लवकर भरलं, ओटीपोटात दुखत राहिलं, तर गॅसच्या गोळ्या खात बसायचं नाही.

मला आई आठवते आहे सारखी. ती माप कसं घ्यायची आठवतं तुला? तिला आकडे वाचता येत नव्हते. प्रत्येक गिऱ्हाइकाची एक दोरी. दोरीच्या टोकापासून मोजायचं आणि जिथं पुरं होईल तिथं रंगीत दोरा बांधायचा: छातीला लाल, कमरेला काळा, नितंबाला पांढरा. सगळ्या बायकांच्या दोरीवर आधी काळा, मग लाल, मग पांढरा. ती म्हणायची, "हा क्रम बदलला तर बाई पोटुशी आहे." दोरी बघून तिने गल्लीतल्या दोघींची बातमी त्यांच्या सासवांच्या आधी फोडली होती.

तिच्या शेवटच्या वर्षी तू आली होतीस. मी तिला घरात घालायला सैल झगा शिवणार होते. तू दोरी धरली होतीस आणि मी दोरे बांधत होते. काळा लालच्या पुढे गेला. ती स्वतःच म्हणाली, "बघा गं, ह्या वयात!" आणि आपण तिघी इतक्या हसलो की तुला उचकी लागली.

तिला कळलं नाही, तुला नाही, मला नाही. तिघी तिथं होतो आणि दोरी समोर होती.

त्या दोऱ्या तुझ्याकडे आहेत, मशीनच्या खणात. हो, मशीनचं मी काढणारच. तुला बटण लावता येत नाही आणि तू आईचं मशीन नेलंस. आईच्या तेराव्याला उसन्या आणलेल्या खुर्च्या मी परत करायला गेले आणि आले तर भिंतीपाशी नुसते चार डाग. तू काय म्हणालीस? "तुला आई रोज मिळाली, मला वर्षातून दोनदा. एक वस्तू तरी मला राहू दे." आणि मी म्हणाले, ह्या घराचा उंबरा पुन्हा ओलांडू नकोस. तू अगदी आज्ञाधारक निघालीस गं. जन्मात माझं दुसरं काही ऐकलं नाहीस, हेच तेवढं ऐकलंस.

मला वाटतं अजूनही तू चुकलीसच. पण मशीन ठेव.

आता एक काम. मला तुझी मापं पाठव. तुला एक स्कर्ट शिवायचाय, गडद निळा, तुला आवडतो तसा. आत एक सूतही जादा कापड ठेवणार नाही. घट्ट झाला तर उसवायला काही मिळायचं नाही तुला, कुठल्याही शिंप्याकडे ने. मग डॉक्टरकडेच जावं लागेल. बोटं साथ देत नाहीत, वेळ लागेल, पण शिवीन.

मापं पाठव. पत्र लिहू नकोस हवं तर.

ताई


२६ सप्टेंबर

टाचणे,

केमो संपली. फोटोत काही दिसत नाही म्हणाले. रक्तातला आकडाही खाली आलाय. बिघाड सापडला त्याचा एक फायदा म्हणे, त्यावर चालणारी एक गोळी आहे, ती रोज घ्यायची. काही बायकांना ती वर्षानुवर्षं सांभाळते. डोक्यावर केस आलेत, कोवळे, राखाडी. भावोजींनी मिशी ठेवायला घेतली. बाईंनी मला खुर्चीवर उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या सगळ्यांना. त्या स्वतः बसूनच वाजवत होत्या, त्यांना उठवत नव्हतं.

निळं कापड आणलंय. तुझ्या मापाची वाट बघते.

ताई


१८ जानेवारी

टाचणे,

उलटला. पोटात पुन्हा पाणी. सुई घालून काढतात, पिवळं, बाटल्याच्या बाटल्या, आणि आठवड्याभरात परत भरतं. गोळीने नाही सांभाळलं मला. डॉक्टर म्हणाले, इतक्या लवकर परत आला म्हणजे पहिलं औषध आता तेवढं चालणार नाही. दुसरं आहे, ते देऊन बघू. ह्या वेळी मी मान डोलावली नाही. विचारलं, बघू म्हणजे किती बघू? ते म्हणाले, थोडा वेळ मिळेल, बरं होणं नाही. भावोजी शेजारी होते. घरी येताना त्यांनी गाडी चुकीच्या रस्त्याला घातली. तीस वर्षं त्याच शहरात बस चालवणारा माणूस.

दुखणं सांभाळणाऱ्या एक डॉक्टरीणबाई भेटल्या. मला वाटलं त्यांच्याकडे पाठवलं म्हणजे हात टेकले. तसं नाही म्हणे. झोप लागावी, उलटी थांबावी, घरात चालता यावं, ह्यासाठी त्या असतात, औषध चालू असतानाही. बऱ्या आहेत. हात गरम आहेत त्यांचे.

बाई गेल्या. नोव्हेंबरातच. मी कळवलं नाही तुला, तुला त्यांचं काय. आता गोलात त्यांची खुर्ची कोणी काढत नाही आणि कोणी बसतही नाही. नवीन एक मुलगी आली परवा, लग्न ठरलेली. तिने विचारलं, डॉक्टरांशी काय बोलू? सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, प्रश्न घरून ठरवून जा.

आता तुझ्याबद्दल. मी वर्षभर ह्या कागदांवर डोकं आपटतेय. तू मेलीस का? मला राग येत होता तेव्हा बरं होतं. आता राग करायला ताकद लागते आणि ती नाही. निळं कापड टेबलावर घडी करून पडलंय, रोज सकाळी मी त्याच्याशी बोलते तुझ्याऐवजी. टाचणे, तुला माझ्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस. मी मेल्यावरही नको येऊस. पण ती तपासणी कर. माझ्या आयुष्यात आता एवढंच एक काम राहिलंय जे जमण्यासारखं आहे, आणि तेही तुझ्या हातात आहे, माझ्या नाही.

आईच्या पाण्यावरून आपण काही शिकलो नाही. माझ्यावरून शिक.

ताई


६ मार्च

टाचणे,

तुझं पाकीट काल दुपारी मिळालं.

भावोजींनी आणून दिलं. वरचं अक्षर बघितलं आणि मला धाप लागली. आत पत्र नव्हतं. तीन तीनदा झटकलं. नुसती दोरी. आईच्या दोऱ्यांसारखीच, मेण लावलेली. तिला तीन दोरे बांधलेले, आईसारखेच, टोकं जाळून. तुला बटण लावता येत नाही आणि दोरा इतका नीट बांधलास? मी दोरी तोंडाला लावली. तिला मशीनच्या तेलाचा वास आहे. म्हणजे तू तेल घालतेस मशीनला. मी एवढी रडले की भावोजी पाणी आणायला धावले. मी म्हटलं, अहो, काही झालं नाही, माप आलंय!

मग मी दोरी टेबलावर निळ्या कापडावर ठेवली आणि सरळ केली.

बोटांना काही कळत नाही आणि डोळ्यांवर माझा विश्वास बसेना. भावोजींना म्हटलं, टोकापासून रंग सांगा. त्यांना ह्यातलं काही माहीत नाही. चष्मा लावला आणि म्हणाले, "लाल. मग काळा. मग जरासा पुढे पांढरा." मी म्हटलं, पुन्हा सांगा. म्हणाले, "लाल, काळा, पांढरा. का? मेहुणीबाई जरा अंगाने भरल्यात वाटतं."

अंगाने भरली नाहीयेस तू. मी मास्तरांची टेप लावली. छातीचं तुझं माप मला पाठ आहे, तुझे लग्नातले कपडे मी शिवलेत. ते दोन इंच कमी झालंय. अंग उतरलंय आणि काळा दोरा लालला ओलांडून गेलाय.

तुला हा क्रम कळला नाही असं मला सांगू नकोस. तू आईचीच पोर आहेस. दोरी तू धरली होतीस तेव्हा. तू मला मापं पाठवली नाहीस, तू विचारलंस. किती दिवस आरशासमोर दोरी गुंडाळून उभी राहत होतीस कोण जाणे. एकटी. आणि घरात कोणाला सांगितलं नाहीस, हो ना? मी नव्हतं सांगितलं, म्हणजे तूही नसशील.

ऐक आता. दुसरं काही असू शकतं. वयाने होतं, साधी पाण्याची पिशवी असते, दहा कारणं असतात. माझं चुकलं तर माझ्यासारखी सुखी बाई जगात नाही. मग तू मला मरेपर्यंत चिडव, तसाही फार वेळ लागणार नाही. पण ते डॉक्टरने सांगायचं, तू नाही आणि मीही नाही.

मी सकाळीच नर्सला दोरी दाखवली. ती हसली नाही. तिने फोन लावले. गुरुवारी सकाळी इथल्याच हॉस्पिटलात तुला वेळ दिलीय, बायकांच्या कॅन्सरच्या डॉक्टरकडे, साध्या दवाखान्यात नाही. पोटाची सोनोग्राफी, रक्त, आणि ती घरातून आलेल्या बिघाडाची तपासणी, तिन्ही. तिथं बसलीस की आधी आईचं सांग, मग माझं. कोणी गॅस म्हणालं तर खुर्चीतून उठायचं नाही. मान डोलवायची नाही. मी शेजारच्या खुर्चीत असेन. सलाईनचा खांब घेऊन येईन, पण येईन. दोन कान जास्त असलेले बरे असतात.

स्कर्ट मी कापलेला नाही. ह्या मापावर मी कात्री लावणार नाही. तुझं काय ते समजल्यावर पुन्हा माप घेऊ, दोरी मी धरीन.

आपलं भांडण मिटलंय असं समजू नकोस. मशीनबद्दल मला अजून बरंच बोलायचंय. ते असं अर्धवट टाकून दोघींपैकी कोणी जायचं नाही. उंबऱ्याचं मी बोलले होते ते मी परत घेते. इथं लिहून परत घेते, वाच आणि पुढे चल.

आणि हे पत्र मी पोस्टात टाकत नाहीये. पोस्टाला दिवस लागतात आणि तू उत्तर द्यायला वर्ष लावतेस. पत्र घेऊन भावोजी आलेत. तू हे वाचतेयस तेव्हा ते तुझ्या दारात उभे आहेत, मिशी अजून पहिल्यासारखी नाही, ओळखलं नसशील. ते काही बोलणार नाहीत. खाली गाडी उभी आहे.

त्यांना चहा विचारू नकोस, नंतर दे. आधी चपला घाल.

ताई